गावी जाण्याआधी ऑफिसचा कॉम्प्युटर खरंच बंद करा

गणपती तोंडावर आलेत. एसटीची, कोकण रेल्वेची तिकिटं खिशात आहेत. मखराचं सामान माळ्यावरून खाली उतरलंय. आणि दादर, परळ, लालबाग, गिरगावातल्या कितीतरी लहानमोठ्या ऑफिसांत या आठवड्यात एक काम गुपचूप उरकलं जाणार आहे. त्याबद्दल तुमच्याशी बोलायचंय. आत्ताच बोलायचंय, कारण तुम्ही एकदा गाडीत बसलात की बोलून काही उपयोग नाही.

काम तसं साधं. तुम्ही ऑफिसचा हिशेब सांभाळता. आठ-दहा दिवस गावी चाललात. मधेच जीएसटीची अकरा तारीख येते, पाठोपाठ वीस तारीख येते. शेठ विचारतात, "अहो, रिटर्नचं काय?" तुम्ही म्हणता, "काळजी नको, गावाहून बघतो." मग जेवणाच्या सुट्टीत एनीडेस्क, म्हणजे दूरवरून कॉम्प्युटर चालवायचा प्रोग्राम, उतरवून घेता. समोर कुणी नसतानाही उघडावं म्हणून त्याला कायमचा पासवर्ड देऊन ठेवता. पासवर्ड लक्षात राहील असाच असतो, बाप्पाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. स्क्रीनवरच्या नंबरचा मोबाइलने फोटो काढता. मॉनिटर बंद, सीपीयू चालू. कीबोर्डवर कागद चिकटवता, 'बंद करू नये'. झाडलोट करणाऱ्या मावशींनाही बजावून ठेवता.

यात तुमचं काही पाप नाही. सणाच्या दिवसांतही मालकाचं काम अडू नये म्हणून तुम्ही हे करता. असा माणूस ऑफिसला मिळणं भाग्याचं. म्हणूनच हे तुम्हाला लिहितोय. तो कागद चिकटवू नका. ते एनीडेस्क काढून टाका. कॉम्प्युटर बंद करा, आणि मगच गावी जा.

'आमच्याकडे फायरवॉल आहे,' असं तुम्ही म्हणाल. आहेच. वायफायच्या डब्याशेजारी दिवे लुकलुकणारी ती पेटी. शेठनी तिच्यावर चांगले पैसे घातलेत. पण ती नेमकं काय करते? बाहेरचा कुणी आपणहून आत यायला लागला की अडवते. आतून कुणी बाहेर निघालं, तर बहुतेक लहान ऑफिसांत ती विचारतसुद्धा नाही. बसवणाऱ्याने पहिल्याच दिवशी 'आतून बाहेर सगळं चालू' असा नियम टाकलेला असतो. तसा टाकला नाही तर दुसऱ्या दिवसापासून 'हे उघडत नाही, ते उघडत नाही' म्हणून त्याचाच फोन वाजत राहतो. त्या बिचाऱ्याचंही खरं आहे.

ज्यांच्या घरात कुणी गिरणीत होतं त्यांना गेटवरची झडती ऐकून तरी ठाऊक असेल. पाळी सुटली की बाहेर पडणाऱ्या कामगाराला चाचपून सोडायचे. त्या झडतीत अपमान होता. दिवसभर राबलेल्या माणसाकडे चोर म्हणून बघणं होतं. तिची आठवण कुणाला प्रेमाने येणार नाही. पण माल जातो तो सुटताना जातो, एवढं गिरणीमालकाला पक्कं कळत होतं. आज लोअर परळात त्याच गिरण्यांच्या जागेवर काचेची ऑफिसं उभी आहेत आणि तिथल्या यंत्रांना बाहेर जाताना कुणी हटकत नाही. माणसांची झडती नकोच. यंत्रांची मात्र घ्या.

आता ही बाहेर जाणारी वाट कशी चालते ते बघा. एनीडेस्क काय, टीमव्ह्यूअर काय, अल्ट्राव्ह्यूअर काय, चाल एकच. ऑफिसातला प्रोग्राम आपणहून बाहेरच्या एका सर्व्हरला जोडून घेतो आणि ती जोडणी उघडी धरून बसतो. ४४३ क्रमांकाच्या पोर्टवरून तो सहज निघतो, म्हणजे तुमची बँकेची साइट ज्या वाटेने उघडते त्याच वाटेने. फायरवॉलला वाटतं, कुणीतरी साइट बघतंय. मग गावाहून तुम्ही त्याच सर्व्हरला जोडता, नंबर आणि पासवर्ड टाकता, आणि उघड्या जोडणीवरून थेट आपल्या टेबलावर येता. फायरवॉलच्या हिशेबी बाहेरून कुणी आलेलंच नसतं. मग ती अडवणार कुणाला?

तुमच्याऐवजी तो नंबर आणि तो पासवर्ड दुसऱ्याच्या हाती पडला, तर तुमच्या टेबलावर तो येईल. आणि त्या टेबलावर काय काय आहे, ते तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. टॅलीत सात-आठ वर्षांचा हिशेब. डेस्कटॉपवर 'पासवर्ड' नावाचीच एक एक्सेल फाइल, तिच्यात इन्कम टॅक्स, जीएसटी, पीएफ, सगळ्यांचे लॉगिन. ब्राउझरने लक्षात ठेवलेली नेटबँकिंग. आणि सीपीयूच्या मागच्या बाजूला खोचलेलं साहेबांचं डिजिटल सहीचं टोकन, म्हणजे आपलं डीएससी, जे 'रोज कोण काढणार' म्हणून महिनोन्‌महिने तिथेच असतं. ते आज काढा. ही साहेबांची सही आहे. आपण सही केलेलं चेकबुक टेबलावर टाकून गावी जात नाही.

आणि पगारपत्रक. त्याचा विचार करा. ऑफिसात पंचवीस माणसं असतील तर पंचवीस घरांचं सगळं त्यात आहे. पॅन, आधार, बँकेचा खातेनंबर, मोबाइल. पीएफच्या वारसाच्या रकान्यात बायकोचं नाव, मुलीची जन्मतारीख. मेडिक्लेमच्या फाइलीत कुणाच्या आईचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाचं आजारपण. शेठचं नुकसान शेठ कसंतरी भरून काढतील. पण डिस्पॅचच्या काकांच्या घरी फोन जाईल, समोरचा त्यांचा खातेनंबर बरोबर सांगेल, मुलीचं नाव बरोबर सांगेल, आणि काकी विश्वास ठेवतील. का नाही ठेवणार? एवढी माहिती बाहेरच्याला कशी असेल, असंच कुणालाही वाटेल.

म्हणून उठा आणि आजच शोधा. प्रत्येक कॉम्प्युटरसमोर बसा. उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी दडलेली चिन्हं उघडून बघा. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर, रस्टडेस्क, क्रोम रिमोट डेस्कटॉप, जे सापडेल ते लिहून घ्या. कुणी टाकलं, कशासाठी टाकलं, ते विचारा. विचारताना आवाज चढवू नका. आवाज चढला की पुढच्या वेळी माणसं लपवून टाकतात, आणि लपवलेलं शोधायला फार उशीर होतो.

दुसरं टोकही आठवा. ऑफिसचं टोक तुमच्या टेबलावर आहे, पण गावचं टोक कुठे आहे? पुतण्याच्या लॅपटॉपवर. त्यावर फुकटचे गेम उतरवलेत, पायरेटेड सिनेमे उतरवलेत. त्यात टाइप केलेलं प्रत्येक अक्षर टिपणारा एखादा प्रोग्राम बसला असेल, तर तुमचा पासवर्ड तुम्ही टाइप करताक्षणी गेला. असं होतं का? होतं, आणि भल्याभल्यांचं होतं. लोकांचे पासवर्ड सांभाळणं हाच जिचा धंदा, त्या लास्टपास कंपनीचं २०२२ मध्ये हेच झालं. त्यांच्या एका वरिष्ठ इंजिनिअरच्या घरच्या कॉम्प्युटरवर टाइप केलेलं टिपणारा प्रोग्राम बसवला गेला, त्याचा मुख्य पासवर्ड उचलला गेला, आणि चोर तिथून कंपनीच्या तिजोरीपर्यंत पोचले. तो माणूस यातला जाणकार होता. तुमच्या पुतण्याकडून काय अपेक्षा करायची?

गावचा लॅपटॉप ऑफिसला जोडू नका. सायबर कॅफेतून जोडू नका. मोबाइलवरून तर मुळीच नको, तो आरतीच्या वेळी चार मुलांच्या हातात फिरत असतो.

आता थोडं कठीण बोलतो. तुम्ही स्वतः एनीडेस्क टाकलं नाहीत, म्हणजे सुटलात असं नाही. वाट उघडी असेल तर चोर आपलं एनीडेस्क बरोबर घेऊन येतो. १४ फेब्रुवारी २०१९ ला रिझर्व्ह बँकेने बँकांना नाव घेऊन सावध केलं होतं. ग्राहकाला एनीडेस्क उतरवायला लावायचं, नऊ आकडी नंबर विचारून घ्यायचा, आणि त्याच्या मोबाइलचा ताबा घेऊन पैसे काढायचे, असा तो प्रकार. तेव्हा तो घराघरांत झाला. तोच प्रकार ऑफिसांत येतो तेव्हा त्याचं रूप जरा सभ्य असतं. मदतकेंद्राच्या नावाने मेल येते. 'तुमचं सदस्यत्व आपोआप वाढवलंय, रद्द करायचं तर या नंबरवर फोन करा.' फोनवरचा गोड आवाज एक लहानशी फाइल चालवायला सांगतो. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या सरकारी सायबर यंत्रणांनी अशाच प्रकाराबद्दल इशारा दिला, कारण त्यांच्या सरकारी कार्यालयांतले कर्मचारीही याला फसले होते. या प्रोग्रामची एक जात अशी असते की ती बसवावीच लागत नाही. फाइलवर दोनदा टिचकी मारली की चालू. 'आमच्याकडे ॲडमिनशिवाय कुणाला काही बसवता येत नाही' म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

अँटिव्हायरस ओरडत नाही, कारण हा व्हायरस नाही. चांगल्या कंपनीचा, रोजच्या वापरातला प्रोग्राम आहे. आणि ऑफिसात तो आधीच पाच जण वापरत असतील, तर सहावा कुणाच्या डोळ्यांवर येणार? तुमच्या पाच प्रामाणिक एनीडेस्कच्या गर्दीत चोराचं एक एनीडेस्क खपून जातं. पाचही काढलीत, तर सहावं दिसल्याबरोबर दिसेल.

मग सांगा, रिसेप्शनवरच्या मुलीला, बिलिंगवाल्याला, नव्याने लागलेल्या पोराला. आपण न बोलावता कुणी फोन करून 'स्क्रीन दाखवा' म्हणालं, तर फोन ठेवायचा. समोरचा बँकेचा असो, टेलिफोन कंपनीचा असो, मायक्रोसॉफ्टचा म्हणवो. उद्धट ठरलात तरी चालेल. ठेवा फोन.

आता बोलावलेल्यांचं बघू. टॅलीवाला, प्रिंटरवाला, पॅथॉलॉजी लॅबच्या मशीनचा सर्व्हिस इंजिनिअर, सीएच्या ऑफिसातला मुलगा. हे आपले लोक आहेत, वर्षानुवर्षांचे. त्यांना सारखं नंबर सांगत बसायला नको म्हणून आपण त्यांना कायमचा पासवर्ड देऊन टाकलाय. तोच पासवर्ड त्यांच्याकडे एका वहीत किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पन्नास गिऱ्हाइकांच्या पासवर्डांबरोबर पडलेला असतो. त्यांच्यातला एक नोकरी सोडून जातो. ग्रुपमधून त्याला कुणी काढत नाही.

पुरवठादाराच्या वाटेने काय येऊ शकतं ते आपण इथे, मुंबईशेजारच्या बंदरात पाहिलंय. २७ जून २०१७. युक्रेनमध्ये हिशेबाचं आणि कराचं एक सॉफ्टवेअर होतं, तिथल्या धंदेवाल्यांच्या रोजच्या वापरातलं. त्याच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' नावाचा विध्वंसक प्रोग्राम सुटला. मर्स्क या जहाज कंपनीच्या नेटवर्कमध्ये तो शिरला आणि जगभर पसरला. समुद्रापलीकडे न्हावा शेव्याला मर्स्कच्या गटाकडून चालवलं जाणारं गेटवे टर्मिनल ठप्प झालं. कंटेनर कुठला, कुणाचा, कुठे ठेवायचा, कळेना. मर्स्कने स्वतःचं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितलं. सुरुवात कुठून? हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटपासून.

अलीकडची गोष्ट हवी असेल तर जुलै २०२४ ची घ्या. लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांना संगणकसेवा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर खंडणीखोर प्रोग्रामचा हल्ला झाला. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने लागण पसरू नये म्हणून तिला आपल्या जाळ्यातून तात्पुरतं तोडलं. देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय अडलं, एटीएम अडलं. महिनाअखेर होती ती. या बँकांच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाने काहीही चुकीचं केलेलं नव्हतं.

आणि हे प्रोग्राम बनवणाऱ्या कंपन्या? फेब्रुवारी २०२४ मध्ये एनीडेस्कने स्वतःच जाहीर केलं की तिच्या यंत्रणेत घुसखोरी झाली होती, आणि ग्राहकांना पासवर्ड बदलायला सांगितलं. त्याच वर्षी जूनमध्ये टीमव्ह्यूअरनेही आपल्या अंतर्गत नेटवर्कमध्ये कुणी शिरल्याचं सांगितलं. दोघांनी लपवलं नाही, हे चांगलंच केलं. प्रोग्राम वाईट नाहीत. दूरच्या सर्व्हिस इंजिनिअरने दहा मिनिटांत मशीन सुरू करून दिलं की आपणच त्याला दुवा देतो. प्रश्न आहे तो वाट चोवीस तास, बाराही महिने, कुणाच्या देखरेखीशिवाय उघडी ठेवण्याचा.

तेव्हा टॅलीवाल्याला आज फोन करा. सांगा, "दादा, यापुढे मी बोलावलं की या, मी समोर बसतो, काम झालं की मी बंद करतो." तो रागावणार नाही. रागावला तर दुसरा टॅलीवाला बघा. तो काम करत असताना चहाला उठू नका, स्क्रीनवर बाण कुठे फिरतोय ते बघत बसा. सगळे कायमचे पासवर्ड आज बदला. सोडून गेलेल्या प्रत्येक माणसाचं खातं आज बंद करा. मे २०२१ मध्ये अमेरिकेची कलोनिअल पाइपलाइन, तिथल्या पूर्व किनाऱ्याला पेट्रोल-डिझेल पुरवणारी, जवळपास आठवडाभर बंद पडली. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. चोर शिरले होते एका जुन्या खात्यातून. ते कुणी वापरत नव्हतं, पण बंदही केलेलं नव्हतं, आणि पासवर्डखेरीज दुसरं कुलूप त्याला नव्हतं. अशी किती खाती तुमच्याकडे आहेत? मोजा.

आणि हे सगळं आत्ताच का, याचं कारण कॅलेंडरवर आहे.

पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ सालची, आपल्याकडच्या कितीतरी घरांतली. ११ ऑगस्ट २०१८ ला, शनिवारी दुपारनंतर, तिच्या एटीएम यंत्रणेच्या जागी चोरांनी आपली खोटी यंत्रणा उभी केली आणि ती प्रत्येक मागणीला 'द्या पैसे' म्हणत गेली. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये निघाले. भारतातूनही अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट या परदेशी पैसे पाठवण्याच्या बँकांच्या यंत्रणेतून आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगच्या खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटींवर. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं, पण ते बहुतेक इथे कार्ड घेऊन एटीएमवर गेलेले लोक. ही घटना एनीडेस्कची होती असं मी म्हणत नाही. वार कुठला होता, ते बघा. बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेचे ८.१ कोटी डॉलर गेले तेही फेब्रुवारी २०१६ मध्ये, तिथल्या आठवडी सुट्टीच्या तोंडावर. जुलै २०२१ मध्ये दूरवरून कॉम्प्युटर सांभाळण्याचं कसेया नावाचं सॉफ्टवेअर वापरून हजाराहून अधिक लहान धंद्यांचे कॉम्प्युटर कुलूपबंद केले गेले, ते अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीआधीच्या शुक्रवारी. स्वीडनमध्ये कूप साखळीच्या शेकडो दुकानांचे गल्ले उघडेनात.

चोर सुट्ट्या बघून येतो. आणि लालबाग-परळात गणपतीच्या दहा दिवसांत ऑफिसात कोण असतं? रस्ते बंद, निम्मा स्टाफ गावी, उरलेला मंडपात. अनंत चतुर्दशीला तर गिरगावातल्या ऑफिसचं शटरसुद्धा उघडत नाही. त्या दिवशी हिशेबाच्या टेबलावरचा बाण आपोआप हलू लागला, तर बघणार कोण?

तुम्ही मालक असाल, तर आता तुमच्याशी. तुमच्या माणसाला गावी सुखाने जाऊ द्या. अकरा तारखेचं रिटर्न तो जायच्या आधी करून घ्या, वीसचं आल्यावर. ते जमणारच नसेल आणि बाहेरून काम करावंच लागणार असेल, तर ऑफिसचा एक लॅपटॉप त्याला द्या, दुसऱ्या कशासाठीही न वापरण्याच्या अटीवर. फायरवॉलवरच व्हीपीएनची, म्हणजे बाहेरून ऑफिसात यायच्या सुरक्षित वाटेची, सोय करून घ्या, पासवर्डशिवाय मोबाइलवरचा दुसरा कोड मागणारी. म्हणजे कोण आलं, किती वाजता आलं, कधी गेलं, याची नोंद तुमच्या दारावर राहते, परक्याच्या सर्व्हरवर नाही. त्या फायरवॉलचं सॉफ्टवेअरही ताजं ठेवायला सांगा. यात थोडा खर्च आहे, नाही असं नाही. करा तो.

आणि फायरवॉलवाल्याला बोलवा. नेमकं हे सांगा, "आतून बाहेर सगळं चालू, हा नियम काढा. रिमोट ॲक्सेसचे सगळे प्रोग्राम बंद करा." बहुतेक फायरवॉलमध्ये प्रोग्राम ओळखून अडवण्याची सोय असते, या प्रकारच्या प्रोग्रामांचा वेगळा गट असतो. तो गट बंद करायचा. 'एक पोर्ट बंद केलं, झालं,' असं तो म्हणाला तर मान्य करू नका. हे प्रोग्राम साध्या वेबच्या वाटेनेही निघून जातात, ते वर सांगितलंच. ज्याची खरोखर गरज आहे तो एकच प्रोग्राम, एकाच कॉम्प्युटरवर, लागेल तेवढाच वेळ उघडायचा. टॅलीचा सर्व्हर, बिलिंगचं मशीन, लॅबचं मशीन यांना इंटरनेटवर हिंडायचं कारणच नाही. त्यांना अपडेटचे वगैरे ठरावीक पत्ते सोडून बाकी सगळं बंद. पहिले दोन दिवस ऑफिसात कुरकुर होईल. सोसा. आणि फायरवॉलची नोंदवही, म्हणजे लॉग, १८० दिवस सांभाळून ठेवायला सांगा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये तसा आदेशच काढलाय. आठवड्यातून एकदा ती नोंदवही कुणीतरी वाचायलाही हवी. वाचणाऱ्याचं नाव आजच ठरवा.

हिशेबाची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या आणि ती डिस्क कॉम्प्युटरपासून सोडवून कपाटात ठेवा. जोडलेली ठेवलीत तर हल्ल्याच्या वेळी मूळ फाइलींबरोबर तीही कुलूपबंद होईल. टोकन कपाटात. डिस्क कपाटात. कॉम्प्युटरचं बटण भिंतीवरून बंद. राउटरचंही करा, सुट्टीत त्याचं काय काम?

एवढं करूनही काही घडलंच, तर घाबरून गप्प बसू नका. हे मी खास तुमच्यासारख्या माणसांना सांगतोय, कारण प्रामाणिक माणूसच आधी घाबरतो. 'माझ्यामुळे झालं, नोकरी जाईल' म्हणून तो रात्रभर वाट बघतो आणि तेवढ्यात पैसे तीन खाती ओलांडून जातात. नरिमन पॉइंटला मुख्य कार्यालय असलेल्या युनियन बँकेतून जुलै २०१६ मध्ये १७.१ कोटी डॉलर बाहेर गेले होते. रिझर्व्ह बँकेची वाटावी अशी एक मेल कुणीतरी उघडली होती, तिथून सुरुवात झाली. पण खात्यांचा ताळमेळ लावताना ते ध्यानात आलं, धावपळ झाली, आणि सगळी रक्कम परत मिळाली. वेळेत बोललं गेलं म्हणून.

बाण आपोआप हलताना दिसला तर आधी नेटची वायर उपटा. मग साहेबांना फोन, मग बँकेला. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार द्या. जितक्या लवकर द्याल तितके पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. सर्ट-इनला सहा तासांच्या आत कळवायचं असतं, ते मालकांनी बघावं. कॉम्प्युटर घाईने फॉरमॅट करू नका, पुरावा त्यातच आहे. आणि मालकांनो, ज्याने आधी येऊन सांगितलं त्याच्यावर डाफरू नका, त्याने तुमचं घर वाचवायचा प्रयत्न केलाय.

१९३० हा नंबर आत्ताच मोबाइलमध्ये घ्या. मग फायरवॉलवाल्याला फोन लावा. तोही सावंतवाडीची गाडी पकडायच्या घाईत असेल, तो निघायच्या आत लावा.